चौदा तारखेचं हवामान

आंदोंग, २८ नोव्हेंबर

प्रिय मान्शिक,

ठप्. थोडं थांबून पुन्हा ठप्. पहिला आवाज शाईच्या गादीवरचा, दुसरा वहीवरचा. सकाळपासून कानात तोच घुमतोय. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मिन गुरुजी आपल्या रोजनिश्या तपासायला बसायचे, आठवतं? ज्याच्या पानावर ‘फार छान’चा जांभळा शिक्का उठायचा त्याला दोन ठप् ऐकू यायचे. ज्याच्यावर नाही, त्याला नुसती पानांची सळसळ. चौथीत आपण त्रेसष्ट पोरं होतो आणि डोळे मिटून बसलं तरी कोण सुटला, कोण अडकला हे कळायचं. माझी सळसळ फार वेळा झाली.

चार वर्षांत तुला पत्र नाही. माझी ओक्जा वारली तेव्हा तू मोक्पोहून आला होतास, तेवढंच. माझंच चुकलं. पण आज लिहायला बसलोय आणि दाराची कडी लावून बसलोय, कारण या घरात हल्ली मी काय लिहितो यावर लोकांचा डोळा असतो. हसू नकोस. सांगतो.

ऑक्टोबरअखेरीस मीरान आली, यंदाची कोबीची किमची घेऊन. डबे फ्रीजमध्ये लावले आणि प्रत्येकावर तारीख चिकटवली, एवढ्या मोठ्या आकड्यांत की रस्त्यावरून वाचता यावी. मग भिंतीवर नवं कॅलेंडर लावलं, त्याचेही आकडे तसेच. मी म्हटलं, पोरी, माझे डोळे शाबूत आहेत. ती म्हणाली, “असू देत हो बाबा, घर कसं छान दिसतं.” आकड्यांनी घर छान दिसतं हे मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत प्रथम ऐकलं. आणि मग पिशवीतून तिने ती वही काढली. ‘माझ्यासाठी एक पान.’ मुखपृष्ठावर चहाचा पेला आणि झोपलेलं मांजर. शंभर दिवसांची शंभर पानं. नगरपालिकेच्या ह्वांग बाई एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दर सोमवारी येतात, त्या ही वही सगळ्यांना देतात म्हणे. स्वतःची काळजी घ्यायची सवय लागावी म्हणून. सकाळी कोमट पाणी, दहा वेळा दीर्घ श्वास, संध्याकाळी गरम पाण्यात पाय, आणि रात्री एक पान.

पान कोरं नसतं, हे लक्षात घे. त्यावर प्रश्न छापलेले असतात. आज स्वतःसाठी काय केलंत? आज कोणाशी बोललात? आज काय खाल्लंत? आज शरीर काय म्हणतंय? खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातला आपला रंगवायचा. आणि सगळ्यात वर, शाळेत होता तस्साच, हवामानाचा चौकोन. सूर्य, ढग, छत्री, बर्फाचा माणूस. एकाभोवती गोल करायचा.

पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. सूर्याभोवती गोल करताना हात आपोआप सुबक वळला. दुसऱ्या दिवशी मात्र मी पुढची पानं चाळली. सातव्या पानावर, ‘परवा रात्री काय जेवलात?’ बाराव्या पानावर, ‘तीन जुन्या मित्रांची नावं लिहा आणि त्यांचे मनातल्या मनात आभार माना.’ आता मला सांग, माझ्या आभाराशी नगरपालिकेला काय करायचंय? परवाचं जेवण आठवणं ही कुठली स्वतःची काळजी? ही तर परीक्षा झाली. वरून मांजर, आतून प्रश्नपत्रिका. त्यातून ह्वांग बाई, वय असेल तिशीचं, दारातूनच ओरडतात, “आजोबाऽ, आज मन कसं आहे?” मी त्यांचा आजोबा कधी झालो? आणि मन दाराशी उभं राहून सांगायची वस्तू आहे का? त्या वही घेतात, हळूहळू पानं उलटतात, मोबाईलने फोटो काढतात. “तुमचं अक्षर किती सुंदर!” म्हणतात. अक्षराचा फोटो काढून कोणाला पाठवतात हे मात्र सांगत नाहीत. मीरान देजॉनहून फोन करते तेव्हा माझ्या पानांवरचं तिला आधीच ठाऊक असतं. एकदा म्हणाली, “गुडघा दुखतोय ना?” मी तिला गुडघ्याबद्दल अक्षर बोललो नव्हतो.

आणि मग ती पुढच्या खेपेला आली तेव्हा तिच्या पिशवीत मला एक पत्रक दिसलं. मी शोधत नव्हतो, पिशवी कलंडली. एक चकचकीत इमारत, खुर्च्यांवर बसून हात वर केलेले म्हातारे, सगळे एकाच मापाचं हसणारे. वृद्धांचं रुग्णालय, कायमच्या मुक्कामाचं. मी ते परत आत सरकवलं आणि पर्सिमनची सालं काढत बसलो. वळचणीला वाळत घातलेली फळं तिने मोजली, म्हणाली, “यंदा कमी केलीत?” तेव्हापासून मला कळून चुकलं की वहीतल्या शंभर पानांच्या शेवटी ती इमारत उभी आहे. मी काय लिहितो यावर ठरणार होतं की मी माझ्या अंगणात राहणार की त्या खुर्चीवर हात वर करून बसणार.

मग मी काय केलं असेल? जे कोणीही आपल्या वर्गातला पोरगा करेल तेच. वही बाजूला ठेवली. अकरा दिवस उघडली नाही; मधल्या सोमवारी ह्वांग बाई रजेवर होत्या. आणि ह्वांग बाई येण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, पाय पसरून अकरा दिवस एका बैठकीत लिहून काढले. मान्शिक, काय सुख होतं ते! सुट्टीच्या शेवटच्या दिवसासारखं. फिरायला गेलो, कमळतळ्याकाठी बसलो, शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या, दीर्घ श्वास घेतले, बाजारातल्या शेवयांच्या दुकानात जेवलो. चेहरे सगळे हसरे रंगवले, पण एक मधला ठेवला, खरं वाटावं म्हणून. फक्त हवामान पुरवायला तूच नव्हतास. तुझे वडील होडी चालवायचे, आभाळाची रोज नोंद तुझ्या घरी असायची, आणि एका उकडलेल्या रताळ्याच्या बदल्यात तू अख्ख्या वर्गाला महिन्याभराचं हवामान पुरवायचास. चौथीतल्या ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत कोणीतरी तुला किडकं रताळं दिलं म्हणून तू सूड घेतलास आणि दहा ऑगस्टला सगळ्यांना मुसळधार पाऊस दिलास. एकसष्ट वह्यांत छत्र्या! गुरुजी एकेक वही उघडत गेले, एकही ठप् नाही, आणि शेवटी शांतपणे म्हणाले, “बाळांनो, दहा तारखेला माझं लग्न होतं. ऊन असं की माझी सासू चक्कर येऊन पडली.” मी तेव्हा छत्री काढली नव्हती, ढग काढला होता. तुझ्यावर माझा तेव्हाही पुरता विश्वास नव्हता.

या वेळी मला तो ढग सुचला नाही. ह्वांग बाई गेल्या आठवड्यात सोमवारी आल्या, पानं उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. “आजोबा, चौदा तारखेला ऊन होतं?” मी म्हटलं, छान ऊन होतं, मी तळ्याकाठी बसलो होतो. मग अगदी हळू, आजारी मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, “त्या दिवशी पहिला बर्फ पडला ना. सगळं गाव रस्त्यावर होतं. आणि ते शेवयांचं दुकान वसंतातच बंद झालं.” त्या हसल्या आणि त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात एक बारीक खूण केली. शिक्का बरा, मान्शिक. शिक्क्याला आवाज तरी असतो.

त्याच बुधवारी मीरान हजर. कामावर रजा टाकून. मी तिला सगळं खरं सांगितलं, की पोरी, मी बनवून लिहिलं, आम्ही शाळेत असंच करायचो. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गृहपाठाची चोरी? बाबा, कोणाला पटेल हे?” आणि मग तिचं हसणं मधेच मोडलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला. नळाच्या आवाजाआड माणसं काय करतात हे मला ओक्जाच्या आजारपणापासून ठाऊक आहे. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, “त्या केंद्रात सगळे असंच म्हणतात हो, की आम्ही मुद्दामच चुकीचं सांगितलं.” उद्या शुक्रवारी सकाळी दहाला मला स्मरणशक्ती तपासायच्या केंद्रात घेऊन जाणार आहे. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात वजा करायला लावतात म्हणे. मी सराव करतोय. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. एकोणऐंशीनंतर मला नेहमी गुरुजींची ती तीन ओळींची कविता आठवते आणि आकडे हातून सुटतात. त्यांनी स्वतः रचून फळ्यावर लिहिली होती, तिसऱ्या ओळीला वळण कसं घ्यायचं ते दाखवायला.

पलीकडे जायचं आहे, होडी अजून आली नाही;
धुकं म्हणतं थांब जरा, पाणी म्हणतं मी निघालो;
चपला मात्र ओल्या माझ्या, मी केव्हा जाऊन आलो?

त्या वयात तिचा अर्थ कोणाला कळणार? तू म्हणाला होतास, चपला ओल्या कारण बावळटाने पाण्यात ठेवल्या असतील, आणि बाकावर उभा राहिला होतास.

आता जे सांगतो ते वहीत नाही, मीरानला ठाऊक नाही, ह्वांग बाईंना तर मुळीच नाही. ती देजॉनला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कोटाच्या खिशात मला लाँड्रीची पावती मिळाली. बायकांचा हिवाळी कोट, एक. तारीख चौदा. माझा पहिला संशय लाँड्रीवाल्यावर गेला, मग मीरानवर, मग असंही वाटलं की ह्वांग बाईंनीच ती खिशात घातली असेल, मला अडकवायला. सरळ दुकानात गेलो आणि पावती आपटली. लाँड्रीवाला गो वीस वर्षं ओळखीचा, तोंडाळ माणूस, एरवी “काय काका, शर्टाची इस्त्री तुमच्या कपाळाला पण करू का?” म्हणणारा. तो माझ्याकडे बघेना. मागे जाऊन कोट घेऊन आला. ओक्जाचा, तपकिरी, कॉलरवर फर असलेला. म्हणाला, “काका, तुम्हीच आणलात. टोपीवर बर्फ होता तुमच्या. म्हणालात, थंडी पडली, तिला लागेल, शनिवारपर्यंत दे.” मी विचारलं, मग तू काही बोलला नाहीस? तो म्हणाला, “काय बोलणार होतो? पावती फाडली.”

म्हणजे मान्शिक, अकरा पानांपैकी दहा मी खरोखर बनवली. त्या दहा दिवसांत मी काय केलं ते मला आठवत होतं: कंटाळलो, पर्सिमन सोलले, झोपलो. ते लपवून दुसरं लिहिलं. पण चौदा तारखेला लपवायलाच काही नव्हतं. त्या पानाशी मी पेन धरून बसलो होतो, आणि आत शोधलं तर नुसता पांढरा चौकोन. म्हणून सूर्याभोवती गोल केला. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता एकच माणूस उरलाय आणि तो रोज सकाळी आरशात माझ्याकडे तशाच नजरेने बघतो. एक गोष्ट मात्र कबूल करतो. हल्ली संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसतो, वहीत सांगितलंय तसं, आणि बरं वाटतं. हे ह्वांग बाईंना कळता कामा नये.

तर हे पत्र कशासाठी, ते आता. वहीशी मी खोटं बोललो, मुलीशी अर्धं खरं बोललो, आणि उद्या केंद्रात पाठ केलेल्या वजाबाक्या म्हणणार आहे. कुठेतरी एक खरं पान असावं, ते तुझ्याकडे असू दे. आणि एक काम कर. हेच पत्र, हीच हकिगत, जणू पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात माझ्याकडून तुला पुन्हा आलं, तर उत्तर लिहू नकोस, मीरानला फोन करू नकोस. उठून ये आणि माझ्या तोंडावर सांग. केंद्रातल्या लोकांकडून ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकलेलं मला सोसेल. तू हवामानात फसवलंस, बाकी कशात नाही. हे एवढं मागायला

घंटा वाजली. मीरान उद्या येणार होती, ह्वांग बाई सोमवारच्या. कडी न काढता खिडकीतून पाहिलं.

तू आहेस. फाटकाशी, डोक्यावर ती कानटोपी, दम लागलेला, मोक्पोच्या पहाटेच्या गाडीने आला असशील. दार उघडलं तर “कडी लावून बसतोस, म्हातारड्या, तुला कोण पळवून नेणार आहे?” म्हणालास आणि बूट काढायला खाली वाकलास, तो बराच वेळ वर बघेनास. मी विचारलं, तू कसा काय? तू आतल्या खिशातून दोन लिफाफे काढून माझ्या हातात दिलेस. दोन्हींवर माझं अक्षर. “तूच लिहिलंस ना,” तू म्हणालास, “दुसरं आलं तर उठून ये म्हणून. काल आलं.”

तू स्वयंपाकघरात पाणी तापवतोयस, मला ऐकू येतंय. तेवढ्यात या ओळी लिहून घेतो. हे तिसरं पोस्टात टाकत नाही, हातातच देतो. उद्या दहा वाजता तूही चल.

तुझाच, अजून तरी,
दोक्सू