ताईच्या स्क्रीनचे आवाज

३ फेब्रुवारी
सुटले बाई! आवाज बंद केले एकदाचे. आमच्या विमा कचेरीतला मेनफ्रेम, म्हणजे मुख्य संगणक, आजोबांच्या वयाचा. त्याला जोडलेले जुने टर्मिनल, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड, केव्हाच भंगारात गेले. आता साध्या पीसीवर त्यांची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे, आणि ते सुधारायचं काम माझ्या गळ्यात. तीच काळी स्क्रीन, तीच हिरवी अक्षरं आणि तेच जुने आवाज — रकाना भरला की टिक, माहिती पोचली की बीप, चुकलं की लांबलचक भोंगा. हॉलभर दिवसभर किटकिट! काढून टाकली.

सगळे खूश. फक्त ताई म्हणाली, "राहू दे ना गं, सवयीचं असतं." म्हटलं, "म्हातारी झालीस तू!" माझी सख्खी बहीण, हॉलमधली सगळ्यात जुनी ऑपरेटर. लोक फोनवर दावे सांगतात, ती भरते. आणि तिचाच विरोध!

६ फेब्रुवारी
साहेबांनी पाठ थोपटली. ताईने डबा एकटीनेच खाल्ला. रुसू दे.

१० फेब्रुवारी
ताईने घोळ घातला. एका बाईच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दावा भलत्याच्याच नावावर चढवला. ती बाई खिडकीशी रडत उभी. हेडबाई सगळ्यांदेखत ताईला नको नको ते बोलल्या. या आठवड्यातली ही पहिली चूक नाही म्हणे. आणखी एक झाली तर घरी बसवतील. जिचं नाव घेऊन नव्या पोरींना दम देतात, ती ताई खाली मान घालून उभी!

आणि मी? घरी आल्यावर मीही तोंड सोडलं — "लक्ष कुठे असतं तुझं?" ती भाजी निवडत राहिली. देठं पातेल्यात, पानं कचऱ्यात.

११ फेब्रुवारी
मन खात होतं. तिच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली, हिरव्याची पिवळी केली. "वा! छान दिसतंय," म्हणाली. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
काय लिहू.

सफाईवाल्याच्या झाडूने ताईच्या मॉनिटरची वायर निघाली होती. स्क्रीन काळीठिक्कर. आणि ताई टाइप करत होती. झरझर. मी मागे जाऊन उभी राहिले. विचारलं, "ताई, पिवळी अक्षरं दिसतात ना नीट?"

"अगदी स्वच्छ!"

गुपचूप वायर लावली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

१३ फेब्रुवारी
घरी विचारलंच. नाकारलं नाही तिने. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. औषध नाही. "तुला सांगितलं असतं तर डोकं धरून बसली असतीस." बोटांना रकाने पाठ आहेत. टिक झाली की पुढचा रकाना, बीप झाली की पोचलं. "तेवढ्यावर निभत होतं गं."

तेवढंच होतं तिच्याकडे. तेच मी काढून घेतलं, वर शाबासकी मिळवली!

"बाबांचंही असंच झालं होतं," म्हणाली. "तूही एकदा दाखवून ये." मला बाबा आठवतात ते भिंतीला हात लावून चालणारे. मला वाटायचं, थकलेत.

१७ फेब्रुवारी
आवाज परत घातले. साहेबांना ठोकून दिलं, आवाजांशिवाय सॉफ्टवेअर अडकतं. नुसते परत नाही घातले, सुधारले! नावाच्या रकान्याला एक सूर, तारखेला दुसरा, रकमेला खर्जातला. हेडबाई म्हणाल्या, "हा काय पोरखेळ!" असू दे पोरखेळ. ताई दिवसभर एकदाही चुकली नाही.

निघताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रोजच ठेवते. इतके दिवस तो लाडाचा वाटायचा.

२० फेब्रुवारी
डोळे दाखवून आले. ताई दारातच उभी. "काय म्हणाले डॉक्टर?"

"ठणठणीत आहेत म्हणाले!"

हुश्श करून ती आत गेली, भिंतीला हात लावत.

उद्यापासून स्क्रीन बंद करून बसायचं. नावाचा सूर कोणता, तारखेचा कोणता — मधलं दिसतंय तोवर मलाही पाठ व्हायला हवेत.