माझा दवाखाना चौऱ्याण्णव टक्के डिजिटल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.१०

दवाखाना डिजिटल करायचा. ठरलं. आता माघार नाही.

रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं नवं क्लिनिक आलंय, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्यांचं दार आपोआप उघडतं. आपलं ढकलावं लागतं, ओल धरली की खांदाही लावावा लागतो. शनिवारी दिवसभरात नऊ जण आले. त्यातले दोघे पलीकडचा पत्ता विचारायला.

संकल्प: महिनाअखेर केसपेपर बंद, सगळं कॉम्प्युटरवर. एक एप्रिलपासून कंपाउंडरना निवृत्ती. अठ्ठावीस वर्षं सोबत आहेत, वाईट वाटतं. पण त्यांचं काम सॉफ्टवेअर करणार असेल तर त्यांना कशाला राबवायचं? हळवं होऊन क्रांती होत नाही.

दुसरा संकल्प: रोज सकाळी चालायला जाणे. उद्यापासून.

मंगळवार, ४ मार्च

चालायला गेलो नाही. सॉफ्टवेअरवाल्या बाई आठला येणार होत्या. दहाला आल्या.

बाई हुशार आहेत. बीपी-शुगरच्या पेशंटची तपासणीची तारीख आली की सिस्टीम आपणहून त्याला मोबाइलवर मेसेज पाठवते. मेसेज कुणी वाचला, कुणी नाही, तेही स्क्रीनवर दिसतं. मला भरून आलं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, महिन्याने दाखवायला या. ऐकतंय कोण, ते कधी दिसलंच नव्हतं.

ट्रायल म्हणून पहिलं नाव माझंच भरलं. वय सत्तावन्न. मोबाइल नंबर दवाखान्याचा. शेवटचं बीपी कधी तपासलं, असा कॉलम आला. आठवेना. गेल्या वर्षीची एक तारीख ठोकून दिली. डॉक्टरला काय धाड भरलीय.

दुपारी कंपाउंडरना निवृत्तीचं सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, साहेब. मी म्हटलं, आता मस्त आराम करा. त्यांनी विचारलं, तो कसा करतात? प्रश्न चांगला होता, पण मला बाईंना फोन करायचा होता.

गुरुवार, ६ मार्च

चालणं राहिलं. गुडघा कुरकुरतोय.

माहिती भरायचं काम जोरात. बीपी-शुगरचे नियमित पेशंट चारशे बारा. कंपाउंडर दोन बोटांनी टाइप करतात, तेही प्रत्येक अक्षर शोधून, सापडलं की समाधानाने मान हलवून. मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. जुन्या केसपेपरवर नंबर कुठून असणार? कुठे शेजाऱ्याचा, कुठे कधीच बंद झालेल्या लँडलाइनचा. एकावर नुसतंच लिहिलंय, शिंपीकाकांच्या दुकानात सांगावं.

दर दोन मिनिटांनी कंपाउंडर आत येऊन विचारतात, याला कुठला नंबर टाकू? शेवटी वैतागून म्हटलं, टाका कुठला तरी, पण अडून बसू नका. ते म्हणाले, मग आपल्या दवाखान्याच्या मोबाइलचा टाकू का, तो ड्रॉवरमधला? म्हटलं, टाका. असल्या फुटकळ गोष्टींत मी अडकलो तर पुढचा विचार कोण करणार?

संध्याकाळी डोकं ठणकत होतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

सोमवार, १० मार्च. सकाळी

मेसेजचा मजकूर रात्रीच तयार केला होता. अकरा ओळी. आरोग्य म्हणजे काय इथून सुरुवात. बाई म्हणाल्या, दोन ओळींच्या वर जात नाही. मग काय उरलं? पेशंटचं नाव, आणि तुमची तपासणी राहिली आहे, दवाखान्यात या. अगदीच कोरडं. तरी 'या'च्या आधी 'जरूर' घातलं.

दुपारी १२.०५

बटण मी स्वतः दाबलं. चारशे बारा मेसेज गेले. अंगावर काटा आला.

त्याच वेळी कंपाउंडरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी घरघरायला लागलं, ते चांगलं पंधरा मिनिटं थांबेना. उंदीर शिरला असणार. पिंजरा आणायला सांगितला.

मंगळवार, ११ मार्च

चौऱ्याण्णव टक्के! चारशे बारापैकी तीनशे एकोणनव्वद मेसेज एका दिवसात वाचले गेले.

बाईंना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. म्हणाल्या, सर, कुठल्याच दवाखान्यात हा आकडा तिसाच्या वर गेलेला नाही. मी म्हटलं, सगळं भाषेवर असतं हो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शुक्रवारी मी पाठवलेला मेसेज तुम्ही अजून वाचलेला नाही. म्हटलं, तो विषय वेगळा आहे.

उरलेले तेवीस जण बेजबाबदार. त्यांची नावं स्क्रीनवर लाल करून ठेवली.

पिंजऱ्यात उंदीर नाही.

शनिवार, १५ मार्च

आज एकतीस पेशंट. बाकं पुरेनात, दोघे वजनकाट्यावर बसले. ज्याला त्याला विचारलं, कसे काय आलात? सगळ्यांचं एकच, आठवण केलीत म्हणून आलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत आल्या. म्हणाल्या, इतक्या मायेने बोलावलं तर कसं यायचं नाही? दोन ओळींत माया आणायची म्हणजे गंमत नाही. 'जरूर' कामी आलं.

तक्रार: कंपाउंडर रोज चार ते सहा गायब असतात. ड्रॉवरमधला मोबाइलही घेऊन जातात. दवाखान्यात असले तरी सतत त्यात डोकं. ओठ हलवत वाचतात, कागदावर काहीतरी उतरवून घेतात. या वयात मोबाइलचं वेड लागणं बरं नाही. निवृत्तीचा निर्णय योग्यच होता. त्यांच्या चपलांचे तळवे पार झिजलेत, तेही आज दिसलं. स्वतःकडे लक्षच नाही माणसाचं.

निघताना ते केबिनच्या दाराशी येऊन म्हणाले, साहेब, तुमचं एक होतं. म्हटलं, नंतर.

बुधवार, १९ मार्च

क्रांतीचा दुसरा टप्पा. व्हिडिओ कॉलवरून तपासणी. आजींना जिने उतरायला नकोत म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

बारा मिनिटं मला आजींचा कान दिसत होता. मी सांगत होतो, फोन तोंडासमोर धरा. त्या म्हणत होत्या, तोंडासमोर धरला तर ऐकू कसं येणार, डॉक्टर असून एवढं कळत नाही का? शेवटी कान तपासून घेतला. मळ आहे. त्या दृष्टीने कॉल यशस्वी. बीपी तेवढं घेता आलं नाही. मागाहून कळलं की कंपाउंडर मशीन घेऊन तीन मजले चढले आणि बीपी मोजून आले. कुणी सांगितलं होतं यांना? नसती हौस.

चालायचे बूट आणले. सुरुवात सोमवारी.

शनिवार, २२ मार्च

आमच्या डॉक्टर मंडळींच्या संघटनेचं पत्र. चार एप्रिलला माझं भाषण. पलीकडच्या क्लिनिकचे डॉक्टर पहिल्या रांगेत असतील. चौऱ्याण्णवचा आकडा स्लाइडवर एवढा मोठा करून घेतलाय की टक्क्याचं चिन्ह बाहेर गेलं.

जेवताना बायको म्हणाली, तोंड लालबुंद दिसतंय, बीपी कधी बघितलंत? तिला म्हटलं, हा उत्साह आहे. ती म्हणाली, उत्साहाने कुणी जिन्यात भिंत धरत नाही.

कंपाउंडर आज पुन्हा दाराशी. साहेब, तुमचं ते राहिलंय. या आठवड्यातली ही तिसरी खेप. रजा हवी असणार. निवृत्तीला नऊ दिवस राहिले असताना रजा? हाताने खूण करून परत पाठवलं.

सोमवार, ३१ मार्च

कंपाउंडरचा निरोपसमारंभ. मला वाटलं आम्ही दोघं, सॉफ्टवेअरवाल्या बाई आणि समोसेवाला आला तर तो. सत्तर-ऐंशी माणसं आली. आजी तीन मजले उतरून आल्या आणि कंपाउंडरचा हात धरून रडल्या. एक आजोबा म्हणाले, आता आम्हाला कोण सांगणार? मी पुढे होऊन म्हटलं, काळजी करू नका, सिस्टीम आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भारावले असतील.

भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. जाताना त्यांनी ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, फोन आत चार्जिंगला लावून ठेवलाय, साहेब, बघत जा. बिचारे, शेवटच्या दिवशीही त्या फोनमध्येच जीव. किल्ली कुठेतरी ठेवली.

मंगळवार, १ एप्रिल

एप्रिलचे मेसेज गेले. वाचले: शून्य.

आजची तारीख बघता कुणीतरी चेष्टा करतंय. मी फसणाऱ्यातला नाही.

बुधवार, २ एप्रिल

वाचले: शून्य. पेशंट तीन. त्यातला एक विजेचं मीटर बघायला आला होता, एक कंपाउंडर आहेत का विचारून तसाच गेला. तिसरी मांजर.

नेटवर्क. दुसरं काय असणार? बाईंना कडक शब्दांत फोन केला. उंदीर मात्र परत आलाय, काल तासभर घरघरत होता.

गुरुवार, ३ एप्रिल. दुपारी ३.३०

लिहायला हात होत नाही.

बाई आल्या. त्यांनी यादी काढली. तीनशे एकोणनव्वद नावं, पुढे सगळ्यांचा नंबर एकच. म्हणाल्या, सर, हे मार्चचे सगळे मेसेज एकाच माणसाने वाचलेत, कोण आहे हा? मी म्हटलं, मोठं कुटुंब असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तो नंबर लावला.

ड्रॉवर घरघरायला लागला.

किल्ली सापडेना, स्क्रूड्रायव्हरने उघडला. फोन चार्जिंगला होता. शेजारी वही. वहीत कंपाउंडरच्या अक्षरात नावं, पत्ते, कुणाकडे किती वाजता जायचं, कुणाला दोनदा सांगावं लागतं, कुणाच्या दाराशी कुत्रा आहे. आजींच्या नावापुढे लिहिलंय, हळू बोलू नये, घाईही करू नये.

बाईंनी आणखी एक दाखवलं. त्यांना ते दाखवल्यावाचून राहवलं नाही. मी लाल केलेली ती तेवीस नावं. मेसेज फक्त त्यांच्याच खऱ्या फोनवर गेले होते. त्यातल्या एकानेही आजवर उघडलेला नाही. म्हणजे सिस्टीमने ज्या ज्या पेशंटला गाठलं, त्यांचा आकडा शून्य, आणि तोही पहिल्या दिवसापासून. बाई खोकल्याचं सोंग करून बाहेर गेल्या. हसत होत्या. मला ऐकू आलं.

संध्याकाळी ७.००

कंपाउंडरच्या घरी गेलो. माझं घड्याळ भिंतीवर लावलंय, त्याच्या खाली बसून कांदे चिरत होते. मी विचारलं, तुम्ही माझ्याजवळ काही बोलला का नाहीत? ते म्हणाले, काय बोलायचं? नंबर तुम्हीच टाकायला सांगितलात. मग मेसेज यायला लागले, मी ते ज्याला त्याला जाऊन सांगत होतो. मला वाटलं, सॉफ्टवेअर म्हणजे हेच. कॉम्प्युटरने आपल्याला सांगायचं, आपण पेशंटला. सोय फार चांगली आहे, साहेब, पूर्वी सगळं डोक्यात ठेवावं लागायचं.

मी घड्याळाकडे बघितलं. ते पाच मिनिटं मागे आहे.

मग म्हटलं, परत या. ते म्हणाले, पलीकडच्या क्लिनिकमधून बोलावणं आलंय, सोमवारपासून. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हटलं की चूक माझी आहे. बराच वेळ म्हणत होतो, शेवटी शेवटी आवाज बसला. कांदे चिरून झाल्यावर ते म्हणाले, येतो, पण माझी एक अट आहे. ती सोमवारी सांगतो.

शुक्रवार, ४ एप्रिल

भाषणाला येता येत नाही, घसा बसलाय, असं कळवलं. खोटं नाही.

रविवार, ६ एप्रिल

बूट घालून दारापर्यंत गेलो. अट काय असेल? खुर्ची? पंखा? काहीही मागू देत. वाटाघाटी कशा करायच्या ते मला चांगलं येतं.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ९.४०

कंपाउंडर आले. नव्या चपला. त्यांनी ड्रॉवर उघडला, साठलेले मेसेज वाचायला बसले, वही काढली. मी केबिनमधून पुढचं नियोजन सांगायला सुरुवात केली. दर मेसेजमागे किती मिनिटं, रस्ता कुठून, वगैरे. ही सगळी पद्धत नीट मांडली तर पुढच्या वर्षी भाषण होऊ शकतं.

ते बीपीचं मशीन घेऊन आत आले आणि दार लावून घेतलं. म्हणाले, यादीत पहिलंच नाव तुमचं आहे, साहेब. मार्चभर सांगतोय. हीच अट. बसा.

मी म्हटलं, पेशंट येतील. ते म्हणाले, मी बोलावल्याशिवाय कोण येणार? खरं होतं. बसलो. बाही वर केली. त्यांनी पट्टा गुंडाळला, बोलायचं नाही म्हणाले, आणि मी नाही बोललो.

एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सहा.

त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. तेच. पलीकडच्या डॉक्टरांना त्यांनीच फोन लावला, अकराची वेळ घेतली, मला सोडायला स्वतः येणार आहेत. त्यांचं दार खरंच आपोआप उघडतं का, ते बघता येईल.

मग त्यांनी जुन्या कपाटातून कोरा केसपेपर काढला. माझं नाव, वय, आकडे. खाली शेरा लिहिला, तो मी उलटा वाचला: पेशंट मेसेजने ऐकत नाही. समोर उभे राहून सांगावे.