सहा महिने टिकणारं क्रीम

प्रिय सलोनी,

मेघनाचा फोन आत्ताच येऊन गेला. "विनता, तुझं क्रीम पास झालं, पेढे काढ," म्हणाली. होळीनंतर केलेली ती डबी तिनं उन्हाळा-पावसाळा आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवली होती. दुसऱ्या डबीत तर मुद्दाम बुरशी सोडली होती, ती बुरशीच मेली. शेजारीण असली तरी सूक्ष्मजीव शिकवते ना, तिला दयामाया नाही. जूनमध्ये तू तिकडे निघालीस तेव्हाच मी तुझ्यासोबत दोन डब्या देणार होते, तर केवढी ओरडली होती माझ्यावर! आता तिनंच पाठव म्हटलंय. गुवाहाटीच्या दमट हवेतही सहा महिने राहील. नुसत्या खोबरेल तेलावर दिवस काढणं संपलं तुझं.

ही बातमी फोनवर सांगता आली असती. पण फोनवर तू ऑफिसातून बोलतेस, मी "बरी आहेस ना" विचारते, तू "हो मावशी" म्हणतेस आणि संपतं. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या बाबांशी लग्न करून मी रांझीच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि मला आंटी म्हणायचीस. "काहून गं, घरात कोणी आंटी असते का?" असं बाबा चिडवायचे. तू आत निघून जायचीस. मग त्या हिवाळ्यात तुझे हात फुटले, बोटांच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं आणि सांगितलं, बाजारातल्या क्रीमला खराब होऊ न देण्यासाठी जे घालतात तेच हिला सोसत नाही. मी कोकमाचं तूप, बदामाचं तेल आणि गुलाबपाणी घोटून घरीच क्रीम केलं. टिकवणारं त्यात काहीच नव्हतं, म्हणून फ्रिजमध्येही जेमतेम पंधरा दिवस राहायचं. रोज रात्री जेवण झालं की तू हात माझ्यापुढे करायचीस आणि तोंड खिडकीकडे. मी एकेका बोटाला लावत बसायची. बाबा पेपरच्या आडून बघायचे. मावशी तू पहिल्यांदा कधी म्हणालीस, मला आठवत नाही. हात बरे होता होता कधीतरी.

बाबा गेले, क्वार्टर सुटलं, मी अधारतालला आले. तुझी नोकरी नागपूरला. मला तेव्हा वाटलं होतं, आता ही कशाला येईल? पण बँकेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी आणि क्रीमचं आयुष्य पंधरा दिवसांचं, हे कसं छान जुळून आलं! क्रीम बर्फात गार नेण्यासाठी खांद्याला थर्मास अडकवून तू बसमधून उतरायचीस. खालच्या दुकानातली हर्षा वर बघून ओरडायची, "दीदी, बिटिया आ गई, बर्फ निकालूँ क्या?" तू दारातच सांगायचीस, "चलो मावशी, क्रीम न्यायला आले." जणू दुसरं काही कारण असूच नये. मीही "डबी भरून ठेवलीय" एवढंच म्हणायची. मग तू दोन दिवस राहायचीस. भरीत-भाकरी खाऊन सोफ्यावर आडवी व्हायचीस, मॅनेजरची नक्कल करायचीस, रविवारी दहापर्यंत झोपायचीस. भरलेली डबी आपली फ्रिजमध्ये गार पडलेली.

गुवाहाटीला बदली होणार असं कळलं तेव्हा तूच विचारलंस, "मावशी, हे टिकणारं नाही का करता येणार? झाडपाल्यातलंच काहीतरी घालून?" मी लगेच कामाला लागले. आधी रोजमेरीचा अर्क घातला. तेल खवट झालं नाही, पण दोन-तीन आठवड्यांत काळे ठिपके आले. अर्क तेलाला सांभाळतो, पाण्यात वाढणाऱ्या बुरशीला नाही, हे मेघनानं हसत हसत सांगितलं. मग लवंगेचं तेल. त्यानं तुझ्या कोपराच्या आत लाल चट्टा उठला. मी रडकुंडीला आले तर मेघना म्हणते, "नैसर्गिक म्हणजे गरीब गाय नव्हे, विनता. बुरशीही नैसर्गिकच असते." शेवटी तिनंच दोन पुड्या मागवल्या, एक बडीशेपेसारख्या झाडांतून काढलेल्या आम्लाची, एक उसापासून केलेल्याची. क्रीम थोडं आंबटाकडे झुकलेलं असलं तरच त्या काम करतात, म्हणून दर घाण्याला रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवून बघते. तुझ्या कोपरावर आठवडाभर लावून पाहिलं, काही उठलं नाही. तू किती खूश झाली होतीस! मीसुद्धा झाले होते. पण डबी खराब निघाली की वाईट वाटता वाटता मनात कुठेतरी हायसंही वाटायचं, आणि का ते कळल्यावर मी ओट्याशी नुसती उभी राहायची.

पार्सल उद्या निघेल. बोट बुडवू नकोस, सोबतच्या चमच्यानं काढ. थर्मास लागणार नाही, बर्फ नको, फ्रिजही नको. दर सहा महिन्यांनी मी कुरियर करत जाईन, तुला कशासाठीच यावं लागणार नाही. हे पत्र मुद्दाम पार्सलमध्ये ठेवलेलं नाही, वेगळं पाठवते आहे, कारण इतकी वर्षं जे मी क्रीमवर ढकललं ते आज माझ्या तोंडानं म्हणायचं आहे. दिवाळीला ये, सलोनी. इथून नेण्यासारखं काही नसेल. तरी येशील का?

तुझीच,
विनता मावशी