चार तारांचा फ्यूज

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याला आराम आहे हे वाचून बरं वाटलं. माझी बातमी मात्र तितकी बरी नाही. मालकाला हा गाळा आता जावयाला द्यायचाय, त्यामुळे बेकरी महिनाअखेर रिकामी करायची आहे. दुसरी जागा शोधून चपला झिजल्या. म्हणून म्हटलं, घरीच का येऊ नये? मागची खोली रिकामीच आहे. तिथे माझा ओव्हन मावेल आणि मीही मावेन.

अडचण एकच. ओव्हनला थ्री फेज लागतं, आणि आपला बोर्ड अजून चिनी मातीच्या फ्यूजांचा. तो बदलावा लागेल. बाबा, लगेच रागावू नका. तुम्ही तो स्वतःच्या हातांनी बसवलात, त्याला कुणी बोट लावलेलं तुम्हाला खपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नाही जमलं तर ओव्हन विकून बिस्किटांच्या कारखान्यात दिवसभर पाकिटं चिकटवत बसावं लागेल. नुसत्या विचारानेच जीव नको होतो.

उत्तर लवकर पाठवा. दोघांच्या पायांवर डोकं.

तुमची,
बडबडी


ता. ६ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. अर्ध्यातच ती उठली आणि मागच्या खोलीतल्या गाद्या हलवायला लागली. मला विचारायची पद्धत आपल्या घरात नाहीच. ये, खुशाल ये.

बोर्डही बदलू, पण बाहेरचा माणूस नको. बत्तीस वर्षं वायरमनकी केली, अर्ध्या गावात माझ्या हातची वायरिंग आहे, आणि माझ्याच घरात दुसऱ्याने टेस्टर लावायचा? लोक तोंडात शेण घालतील! वीज कार्यालयात भार वाढवायचा अर्ज देऊन आलो. साहेब म्हणाले, बावीस तारखेपर्यंत बोर्ड तयार ठेवा, म्हणजे याच महिन्यात थ्री फेजचं मीटर बसेल. नाहीतर पुढचे तीन महिने थांबा. नवा डबा, एमसीबी, जाड तारा, सगळं आणून ठेवलंय. दोन दिवसांचं तर काम. कारखान्याचं नाव पुन्हा काढू नकोस.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


ता. १५ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. आ.

हे पत्र ह्यांच्या माघारी लिहितेय. ह्यांनी मेन बंद करून बोर्ड उघडायला घेतला. स्टुलावर दोन तास उभे होते, पण एक स्क्रू निघाला नाही. हात थरथरतात गं त्यांचे. पेचकस खाचेत बसेना, पक्कड दोनदा हातातून सुटली. त्यात एकदा माझ्या कानाजवळून गेली, कारण स्टूल धरून मी उभी! मी म्हटलं, मागच्या गल्लीतल्या वायरमनबाईला बोलावू. झालं, दिवसभर अबोला. संध्याकाळी मेन चालू केला आणि म्हणाले, उजेड नीट नव्हता, उद्या करतो. असे सहा उद्या झाले.

एखाद्या दिवशी स्टुलावरून पडतील, ही भीती वाटते. तू त्यांना समजाव, पण मी सांगितलं म्हणू नकोस. मला ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही काही पाहिलं नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई


ता. १८ फेब्रुवारी

ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, बोर्डाचं राहू द्या. ओव्हनला गिऱ्हाईक मिळालंय, ते अठ्ठावीसला घेऊन जातील. कारखान्याने एक तारखेपासून या म्हटलंय. होईल सवय. तुम्ही मात्र स्टुलावर चढू नका, एवढं माझं ऐका.

आणि एक कबुली द्यायची आहे. मी दहावीत असताना स्वयंपाकघराचा फ्यूज उडाला होता. तुम्ही कामावरून येऊन नुकतेच आडवे झाला होतात, बोटं सोलवटलेली. तुम्हाला उठवायचं जिवावर आलं, म्हणून मीच तार घातली. ती जळाली, तेव्हा दोन तारा पिळून घातल्या. वायरमनची पोर असून! जाड तार घातली की फ्यूज जळत नाही, भिंतीतली तार जळते, हे तुम्ही गावाला ओरडून सांगत होतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इतकी वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. तो फ्यूज तेवढा कुणाकडून तरी बघून घ्या. मला फार लाज वाटते.

मनात राग धरू नका.

तुमची,
बडबडी


ता. २४ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तो फ्यूज ओढून काढला. आत दोन नाही, चार तारा निघाल्या! आईला विचारलं. ती पदराचं टोक चाळवत म्हणाली, तिसरी माझी, तुमची दुपारची झोप मोडायची नव्हती. राहिली चौथी. तिचं वळण डावीकडून होतं. माझ्या उजव्या अंगठ्याला जुनी जखम आहे, म्हणून मीच तेवढा डावीकडून पिळतो. तुझा बारावीचा पेपर तोंडावर होता, तू स्वयंपाकघरातच अभ्यासाला बसायचीस आणि दिवा सारखा जायचा. आत काय आहे ते न बघता मी वरून एक तार गुंडाळली आणि कामाला पळालो. म्हटलं, परीक्षा झाली की नीट करू. राहूनच गेलं. फ्यूजमागच्या तारेचं आवरण जळून कोळसा झालं होतं, बोट लागताच भुगा पडला. घरोघरी जाऊन लोकांची खरडपट्टी काढणारा मी, आणि दिव्याखाली अंधार. घराला आग लागली नाही, हे आपलं नशीब.

मी स्टुलावर बसूनच राहिलो. आईला सांगितलं, माझे हात आता माझं ऐकत नाहीत. ती म्हणाली, माहीत आहे. मग चहा ठेवायला गेली.

चहा पिऊन मी स्वतः वायरमनबाईकडे गेलो. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, काका, भिंतीत कुठली तार कुठे जाते ते तुम्हालाच माहीत, तुम्ही नाही आलात तर मी चाचपडत बसेन. दोन दिवस ती स्टुलावर आणि मी खुर्चीवर. मी तिला दोनदा झापलं, तिने मला चारदा. बावीसला दुपारी बोर्ड तयार झाला आणि काल मीटर बसलं. नवा बोर्ड भारी चिडका आहे. आईने इस्त्री लावली की एमसीबी खटकन पडतो. मला राग आला, पण उघडून बघितलं तर इस्त्रीचीच वायर आतून सोललेली. मागच्या खोलीत तिन्ही फेजचे दिवे लागले, लाल, पिवळा, निळा. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. कारखान्यालाही सांग. आणि एक विचारायचं होतं. पेचकस आता माझ्याच्याने धरवत नाही. पण पावाचं पीठ मळायला थरथरणारे हात चालतात का गं? पत्राने कळवू नकोस, येऊनच सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा