सुलभामावशींची परवानगी

जर्सी सिटी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सुलभामावशी यांना
यामिनीचा नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता पेपर वाचता येतो, असं तुमच्या भाच्याकडून, अवधूतकडून, कळलं. तरी अक्षर मोठं काढते आहे. आम्ही ठीक. सत्यजितला शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी मिळाली, डिसेंबरात जाऊ. घरभर खोकी पडली आहेत आणि ती भरायचा मला कंटाळा आला आहे.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहिते. अवधूतच्या घरी तुमचा फोन स्पीकरवर असतो, आणि मला जे विचारायचं आहे ते तुम्हाला एकटीला विचारायचं आहे. पण आधी इकडचं सांगते.

आमचा प्रकल्प बंद होतोय. सहा वर्षं या शहरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडले, यंदा अनुदान थांबलं. नोव्हेंबरअखेर ऑफिस रिकामं करायचं, रेकॉर्डिंग्ज युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाणार. मी भांडले नाही. तेवढी ताकदच उरलेली नाही. दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांची दुःखं टाइप करायची आणि घरी येऊन कुकर लावायचा. सत्यजित काही सांगायला लागला की मी "हं, मग पुढे?" म्हणते, मुलाखतीत म्हणते तसं. आधी तो हसायचा.

गेल्या आठवड्यात आमच्यासारखंच काम करणारी काही माणसं निरनिराळ्या शहरांतून इथे जमली होती. शिकवणारं कोणी नाही, एकमेकांकडून शिकायचं. ठरलं होतं की यशाच्या गोष्टी नकोत, कुठे चुकलं ते सांगायचं. टेक्ससमधल्या अर्विंगच्या प्रीताने तिथल्या एका ग्रोसरीवाल्या काकांची मुलाखत वेबसाइटवर टाकली होती, ती ऐकून त्यांच्या सख्ख्या भावाने बोलणं टाकलं. काकांची सही होती, त्यामुळे प्रीताला कोणी दोष दिला नाही. तरी ती स्वतःला देत होती.

डेट्रॉइटच्या डोलोरेसबाई हायवेसाठी पाडलेल्या एका वस्तीच्या आठवणी जमवतात. त्या म्हणाल्या, "एकदा सही घेतली म्हणजे झालं, असं नसतं. माणसं बदलतात, त्यांची घरं बदलतात. आम्ही दरवर्षी प्रत्येकाला नव्याने विचारतो, अजून चालेल ना?"

मी कोणालाच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र, असं लिहून थांबता आलं असतं. पण तेवढंच नाही.

शेवटच्या दिवशी लोकांसाठी रेकॉर्डिंग्ज ऐकण्याचा कार्यक्रम होता. मागच्या रांगेत अनिका बसली होती. हो, तुमची अनिका. फिलाडेल्फियाहून ड्राइव्ह करून आली होती. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आईने तुला इंटरव्ह्यू दिलाय ना? मला ऐकायचाय."

मी म्हटलं, "तो बंद ठेवलाय. त्यांच्याच सांगण्यावरून."

"सगळ्यांसाठी बंद, की माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बाकी कोणी ऐको, अनिकाला कळायला नको, असं तुम्ही म्हणाला होतात. एकाच माणसासाठी दार लावता येत नाही, म्हणून मी ते सगळ्यांसाठी लावलं.

ती गेली नाही. मला खुर्च्या आवरू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू नो, ती एकदाही माझ्या शाळेत आली नाही. पार्कमध्ये नेलं नाही. नेहमी बाबा नेतील, बाबा आणतील. मला वाटायचं, शी वॉज अशेम्ड ऑफ मी. अजून वाटतं."

मावशी, मी कागदी कप गोळा करत राहिले. सत्त्याऐंशीच्या सुमारास, तुम्ही इथे राहत होतात तेव्हा, कुंकू लावणाऱ्या आपल्या बायकांवर हल्ले होत होते, हे तिने वाचलं असेल. पण ती बसस्टॉपवरची संध्याकाळ तिला माहीत नाही. तुमचं कुंकू पुसणारा एका पोराचा हात, तुम्हाला बसलेला धक्का, तुमच्या हातून सुटून रस्त्यात गेलेली बाबागाडी, करकचून थांबलेला ट्रक, आणि त्यानंतर तिला घेऊन बाहेर पडायची तुम्हाला बसलेली धास्ती. त्या बाबागाडीत ती स्वतःच होती, हेही तिला माहीत नाही. एकनाथकाका गेल्यापासून हे सगळं तुम्हाला आणि मला, दोघींनाच ठाऊक आहे. ते सांगणं माझं नव्हतं.

लायब्ररीत गेल्यावर रेकॉर्डिंग माझ्या हातात राहणार नाही. पुसून टाक म्हणालात तर पुसते. बंदच ठेव म्हणालात तर तसं लिहून देईन, पुढे ते कितपत पाळतील ते मला सांगता येत नाही. पण अनिकाला कळायचं असेल तर ते रेकॉर्डिंगमधून कळू नये, तुमच्याकडून कळावं, एवढंच मला वाटतं.

तुमचा शब्द येईपर्यंत काहीच न करणारी,
यामिनी

***

जर्सी सिटी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. सुलभामावशी,

तुम्ही मला उत्तर न देता थेट अनिकाला फोन केलात, हे तिच्याकडूनच कळलं. काल ती ऑफिसात आली. म्हणाली, "चार दिवस मी आईचा फोन घेतला नाही. आय वॉज सो अँग्री. सगळं आयुष्य, यामिनी. एक वाक्य सांगायचं होतं फक्त."

तुमची बाजू मांडायला जीभ शिवशिवत होती, पण ती मांडणं आता तुमच्याकडे आहे.

ऐकायला तुम्ही हो म्हटल्याचं तिने सांगितलं, आणि तुमचा मेसेज दाखवला. खुर्च्या गेल्या होत्या, आम्ही जमिनीवरच बसलो. तिचं मराठी घरातल्या रोजच्या बोलण्यापुरतं, त्यामुळे मध्ये मध्ये थांबवून मी अर्थ सांगत होते आणि इंग्रजी भाषांतर टाइप करत होते. "मी घाबरट निघाले," असं तुम्ही म्हणता, तिथे तिने हात वर केला.

"घाबरट म्हणजे?"

"कॉवर्ड," मी म्हटलं.

"नो. तसं लिहू नकोस."

"त्यांनी तोच शब्द वापरलाय, अनिका."

"मग मराठीच राहू दे. त्याचं काय करायचं ते मी तिलाच विचारेन."

पुढे तुम्ही सांगता, पडल्यावर उठता येईना, तशाच रांगत रस्त्यात गेलात, ट्रकवाला खाली उतरायच्या आत बाबागाडीला जाऊन बिलगलात. तेवढाच भाग तिने माझ्या हातून माउस घेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी बाहेर जाऊन कॉफी करत राहिले.

जानेवारीत ती साताऱ्याला तुमच्याकडे येते आहे, तिकीट काढलंय. राग गेलेला नाही, तो घेऊनच येईल. भांडली तर भांडू द्या.

नाव लपवू नको, आता कोणीही ऐकलं तरी चालेल, असं तुम्ही तिच्याजवळ सांगितलंत. लपवलं नाही. सुलभा एकनाथ सबनीस, असं पूर्ण लिहिलं आहे आणि रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं केलं आहे. लिहून झाल्यावर इतकी दमले की कोट न काढता सोफ्यावर झोपले. सत्यजितने उठवलं नाही.

शुक्रवारी उरलेली खोकी जातील. शॉमबर्गला मी अजून काम शोधलेलं नाही. सहा वर्षांत शेवटचं कोणाचं ऐकलं असेल तर ते तुम्हा दोघींचं. आता काही दिवस कोणाचंच काही ऐकणार नाही, असं ठरवलंय. सत्यजितचं सोडून.

फार थकलेली, तरी तुमचीच,
यामिनी