झाकण पन्नास वेळा उघडून पाहायच्या गाडीबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच मान लववली आहे, उरलेला तू समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद फ्रिजवर चिकटवून ठेवलायस? माझं म्हणशील तर सकाळपर्यंत ठणठणीत होतो. आता मला काय झालंय ते माझं मलाच कळेना, म्हणून परीक्षणाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर तुला लिहायला बसलोय.

परवा तू फोनवर बजावलंस, की भाऊजींच्या डोक्यात ते उघड्या टपाच्या गाडीचं खूळ शिरलंय, या वयात कानात वारं जाऊन काही झालं तर तू कुणाच्या तोंडाकडे बघायचं, तेव्हा मी आमच्या साप्ताहिकातल्या परीक्षणात त्या गाडीची सालटी काढावी. भाऊजींनीही मला शब्द दिला, की मी 'घेऊ नये' लिहिलं तर विषय संपला. म्हणजे माझ्या दोन शब्दांवर एकाची हौस आणि दुसरीची झोप टांगलेली. आता तुला ठाऊकच आहे, मी आजवर फक्त मिक्सर, इस्त्र्या आणि कपडे धुण्याची यंत्रं तपासली. आमचा फॉर्म ठरलेला, अकरा प्रश्नांचा, आणि तो पूर्ण भरल्याशिवाय संपादक लेखाला हात लावत नाहीत. मी तोच घेऊन गेलो. (दुसरा नव्हताच.)

गाडी एका निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाईंची. तिच्यातून उतरताना पाठ धरते म्हणून विकायला काढलेली. मी पहिल्याच प्रश्नाला अडलो : 'वस्तू नवी की जुनी?' गाडी वीस वर्षांपूर्वीची, पण दिसते साठ वर्षांपूर्वीची. गोल गरगरीत दिवे, चकचकीत पट्ट्या, वेग दाखवणारा काटा भिंतीवरच्या घड्याळाएवढा आणि तोही चालवणाऱ्यासमोर नाही, मधोमध! म्हणजे ती नवी असताना जुनी दिसावी म्हणून मुद्दाम तशी बनवली, आणि आता ती खरोखरच जुनी झाली. मग आता ती जशी आहे तशी दिसते, की अजूनही सोंगच आणते? मी बाईंना विचारलं. पेशंटला तोंड उघडायला लावण्याआधी बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि किल्ली भाऊजींच्या हातात दिली.

दोष भरपूर सापडले, काळजी करू नकोस. मागच्या सीटवर माणूस बसवायचा तर त्याचे पाय घरी ठेवून आणावे लागतील. डिकीत दोन पिशव्या मावतात, तिसरी मांडीवर. टप उघडला की त्याची घडी मागे अशी ढिगासारखी बसते, की आरशात मागची वाहनं दिसायच्या ऐवजी कापडच दिसतं. खड्डा तर चाकाआधी मणक्याला कळतो. मी भराभर लिहीत होतो. घोटाळा झाला तो सातव्या प्रश्नाला : 'चालू असताना आवाज त्रासदायक आहे का?' आवाज प्रचंड होता, पण त्यातला निम्मा भाऊजींचा! निवृत्त झाल्यापासून 'हं'पलीकडे न बोलणारा हा माणूस नदीवरचा पूल संपेपर्यंत अखंड बोलत होता. समोरून येणाऱ्या पोस्टमनला त्यांनी हात केला. (ओळखदेख काही नाही.) मला त्यांच्याकडे बघून इतकं बरं वाटलं, की रकान्यात 'हो' लिहावं की 'नाही' ते सुचेना. शेवटी दोन्ही लिहिलं.

मग आठवा प्रश्न : 'झाकण घट्ट बसते का?' यासाठी आमचा नियम आहे, झाकण पन्नास वेळा उघडायचं आणि लावायचं. बाईंच्या दारात गाडी उभी करून मी बटण दाबत बसलो. इंजिन बंदच ठेवलं, कारण मिक्सरचंही झाकण तपासताना आपण मिक्सर चालू ठेवत नाही. एकतिसाव्या वेळेपर्यंत टप गुणी बाळासारखा वागला. बत्तिसाव्याला अर्ध्यावर आला, कण्हला आणि थांबला. शेजारून मेकॅनिक आला. बॅटरी तर मी संपवलीच होती, पण टपाची मोटरही जळाली होती. त्याने दुसरी बॅटरी लावली, टप हाताने मागे ढकलून मोकळा केला आणि मला विचारलं, "पन्नास वेळा? कशासाठी?" मी त्याला फॉर्म दाखवला. त्याने तो वाचून परत दिला.

बाई बिचाऱ्या म्हणाल्या, असू द्या. पण भाऊजी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या माणसानं बिघडवलेली वस्तू परत करायची आमच्यात पद्धत नाही." आणि हे म्हणताना चेहरा इतका आनंदी, की माझा मीच संशय घेऊ लागलो. हा दोष मी शोधला, की त्यांना आणून दिला? तूच सांग.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. : परीक्षण तुझ्या सांगण्याप्रमाणे पाठवलंय. शेवटी ठळक अक्षरांत 'घेऊ नये' असंच आहे. मी शब्द पाळला. ते छापून येईल तेव्हा गाडी घेऊन चार दिवस झालेले असतील, त्याला मी काय करू?

आणखी एक ता. क. : पुलावर भाऊजी सारखं काय बोलत होते ते लिहायचं राहिलं. लग्न झालं त्या वर्षी एका दुकानाच्या काचेपाशी थांबून तू म्हणाली होतीस म्हणे, "अशी गाडी असती तर मी रोज फिरायला आले असते." ती अशीच दिसायची. तू विसरलीस, ते विसरले नाहीत. ती हिरवी होती, ही निळी आहे, त्याबद्दल त्यांना वाईट वाटतंय.

शेवटचं : हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं, ते अजून दारातच उभे असतील. कानाला स्कार्फ बांध आणि लगेच निघ, कारण टप आता लागत नाही आणि आभाळ भरून आलंय. मागे बसायला जागा नाही, म्हणून मी बसने घरी जातोय.