पुलावरचा जबडा

ज्याने मातीला आधी मुख दिले आणि मगच त्या मुखात श्वास फुंकला, त्या कृपाळू परमेश्वराची छाया या ओळींवर आणि त्या वाचणाऱ्या डोळ्यांवर राहो.

प्रिय एर्सीलिया,

तू बोलोन्याला परतलीस आणि जाताना तुझ्या या म्हाताऱ्या मामाची एकाग्रता सोबत घेऊन गेलीस. स्तोत्रे म्हणताना माझा हात नकळत कानापुढे जातो. तोंड उघडले की तिथला हाडाचा गोळा खोबणीतून पुढे सरकतो, मिटले की गुमान मागे येऊन बसतो. उभा जन्म या जबड्याने मी प्रार्थना केल्या, उपदेश केले, लोकांवर ओरडलो. पण या दाराची बिजागरी कुठे आहे, हे पाहण्याची बुद्धी कधी झाली नाही. परवा खालच्या गावातल्या नुन्झियाताने मला तसे पाहिले. ती तव्यावर चेस्टनटच्या पिठाच्या पोळ्या भाजत होती. म्हणाली, “पाद्रीबाबा, दाढ ठणकतेय, की माझी पोळी कच्ची राहिलीय? खरं सांगा, पापक्षालन नंतर करू.” मी तिला कानशिलावर बोटे ठेवून घास चावायला सांगितले. तिने चावला आणि डोळे विस्फारले. “अगं बाई! खायचं तोंडानं आणि नाचायचं कानशिलानं! म्हणूनच आमचे हे जेवताना टोपी काढून ठेवायचे होय!”

चर्चच्या मागच्या खोलीत तू तुझ्या कार्यशाळेतले, वैद्यकी शिकणाऱ्यांसाठी घडवलेले मेणाचे डोके माझ्यासमोर ठेवलेस, तो दिवस मनातून जात नाही. डोक्याच्या बाजूला पंख्यासारखा उलगडलेला तो स्नायू, खाली येता येता निमुळता होत गालाच्या हाडाच्या कमानीखाली शिरणारा आणि जबड्याच्या पातळ पात्याला जाऊन धरणारा. बायबलमधल्या त्या शूर स्त्रीने झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात तंबूची खुंटी ठोकली, हे मी कितीदा प्रवचनात सांगितले असेल! पण तिथेच चार हाडे एकमेकांना भेटतात आणि कवटी पातळ होते, हे तुझ्या बोटाने दाखवले तेव्हा कळले. मग तू खिळी काढून ती कमान उचललीस. आतली खोली पाहून मी क्रूसाची खूण केली, तेव्हा तू हसलीस. पण गाभाऱ्याचा पडदा दूर झाल्यावर माणसाने दुसरे काय करावे? तिरके गेलेले दोन स्नायू, त्यांतला एक जबड्याला पुढे ओढणारा. त्यांच्यातून नागमोडी वाट काढणारी लाल धमनी. आणि कवटीच्या तळातल्या अंडाकृती भोकातून उतरून जिभेकडे आणि खालच्या दातांकडे फाटे देणारी, पांढऱ्या रेशमाची तुझी ती मज्जातंतूची दोरी. एवढा संसार, आणि तो कमानीआड झाकलेला.

पण तू इथे आली होतीस ती कोवळ्या वयात हुतात्मा झालेल्या आमच्या संत ओर्तेन्झियाला चेहरा द्यायला. तिची कवटी वरच्या गावाकडे, जबडा खालच्या गावाकडे; आणि सणाच्या दिवशी दोन चांदीच्या पेट्या पुलावर आणून, एकीवर दुसरी ठेवून, वर ओढणी घालून आशीर्वाद मागायचा, ही आमची रीत. तुझ्या आईने लहानपणी तिथल्या टवाळ्या ऐकल्या आहेत. खालचे म्हणायचे, “आमच्यावाचून तुमच्या संताला आ करता येत नाही!” वरचे म्हणायचे, “आणि आमच्यावाचून तुमच्या संताला अक्कल नाही!” पूर्वी यावर दोन्हीकडचे हसत. गिरणीच्या पाण्यावरून तंटा झाल्यापासून कोणी हसत नाही. गेल्या सणाला दगड उडाले आणि गिरणीवाल्या गास्पारेच्या मुलाच्या कपाळाला खोक पडली. म्हणून बिशपांनी आज्ञा केली, की दोन्ही हाडे एकत्र करून संताची एकच मेणाची मूर्ती घडवावी आणि दोन्ही गावांनी मिळून ती पूजावी.

पेट्या उघडल्यावर तू दोन्ही हाडे उजेडात आणलीस. जबडा कवटीला लावून पाहिलास, फिरवलास, पुन्हा लावलास. मग मला जवळ बोलावलेस. जबड्याचे दोन्ही गोळे कवटीच्या खोबणींच्या बाहेर पडत होते. पाते कमानीखाली न शिरता तिच्यावर आपटत होते. कवटीच्या वरच्या हिरडीत दातांची घरे मधाच्या पोळ्यासारखी उघडी, म्हणजे दात मृत्यूनंतर गळालेले. जबड्यातली मात्र सगळी घरे हाडाने बुजून गुळगुळीत झालेली; त्या माणसाचे दात जिवंतपणीच पडले असणार. एक कोवळी पोर आणि एक म्हातारे माणूस. दोन माणसांचे मिळून एक डोके आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुलावर ठेवत आलो.

आता तुझे पत्र माझ्यापुढे आहे. तू लिहितेस, की कमानीखालच्या त्या पोकळीत मेण भरले तर विसंगती कोणालाच दिसणार नाही. कार्यशाळेतही हाड भंगलेले असले की तसेच करतात. पण खरी हाडे शिकण्यासाठी मांडणाऱ्या हातांनी हे खोटे मांडावे का, हे तुला उमगत नाही, आणि मी मोकळे केले तर हे काम तू सोडशील. बाळ, मी तुझ्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. गावांचा मेळ एवढ्या मेणावर टिकणार असेल तर भरू दे, असेही एकदा मनात आले. पण बायबलमधल्या, राखेत बसलेल्या त्या नीतिमानाने आपल्या मित्रांना विचारले होते, तुम्ही देवाची बाजू घेण्यासाठी खोटे बोलणार का? म्हणून मेणाचा विचार मी सोडला.

रविवारी प्रार्थनेनंतर मी दोन्ही गावांना पुलावर बोलावले आणि हाडे उघडी करून जसे तू मला दाखवलेस तसेच त्यांना दाखवले. आधी सगळे कानापुढे बोटे ठेवून आ करू लागले. अख्खा पूल जांभया देतोय असे वाटले. मग अर्थ ध्यानात आला. गास्पारे पुढे आला. “म्हणजे आमचा जबडा खोटा म्हणताय?” वरच्या गावातून कोणीतरी ओरडले, “खोटा नाही रे, बोळका! तुमच्यासारखाच!” “आणि तुमची कवटी कुणाची? बकरीची?” वाकून दगड उचलणारे हात मी पाहिले. माझा आवाज कोणाच्या कानी जाईना.

तेवढ्यात नुन्झियाता पेट्यांपाशी येऊन उभी राहिली. “थांबा रे मेल्यांनो! पाद्रीबाबा, ती पोर न्यायाधीशापुढे एक शब्द बोलली नव्हती ना?” नव्हती बोलली, मी म्हणालो, आमच्या परंपरेत तिचे मौन हेच तिचे हौतात्म्य. “मग झालं तर! पोर लाजरी. इतकी वर्षं तिच्या वतीनं ही जबड्याची म्हातारीच बोलत आली. माझ्या घरी दुसरं काय चालतं? सुनेला पाहुण्यांपुढे तोंड उघडवत नाही, मग मी दोघींचं बोलते. त्यात खोटं काय? आणि गास्पारे, तुझ्या पोराला खोक पडली तेव्हा याच जबड्यापुढे रडलास ना? ऐकलं ना तिनं? मग आता बोळकी म्हणून टाकून देणार तिला?” गास्पारेने मान खाली घातली. वरच्या गावातला एक दगड खाली पडला; मग बाकीचेही पडले. हसू आले ते त्यानंतर, आणि ते दोन्ही तीरांवरून आले.

तो जबडा कोणाचा, स्त्रीचा की पुरुषाचा, ते तू ठामपणे सांगितले नाहीस. नुन्झियाताने ठरवून टाकले. ती म्हातारी कोणी संत होती की नाही, हे मला ठाऊक नाही आणि मी तसे म्हणणारही नाही. पण इतक्या प्रार्थना जिच्यापुढे झाल्या तिला चेहऱ्यावाचून ठेवणे मला बरे वाटत नाही. बिशपांना मी सारे कळवले आहे. ते रागावले तर तो राग माझ्या वाट्याचा.

म्हणून हे पत्र, एर्सीलिया. मी तुला कामातून मोकळे करत नाही. दुप्पट काम मागतो आहे. दोन चेहरे घडव. एक पोरीचा, ओठ मिटलेला, खाली जबडा शुद्ध मेणाचा. तो मेणाचा आहे हे पायाशी लिहून. दुसरा म्हातारीचा, वरची कवटी मेणाची, तेही लिहून; तोंड बोलण्यासाठी किंचित उघडे, गोळा खोबणीतून जरासा पुढे सरकलेला, जसा तो खरोखर सरकतो. दोघींना एकाच बाकावर बसव, पुलाच्या मधोमध. आणि दोघींच्याही कमानीखालची पोकळी लपवण्यासाठी भरू नकोस. देवाने तिथे जे ठेवले, ते स्नायू, ती धमनी, ती दोरी, तेच तिथे ठेव. नमुना म्हणून नुन्झियाता बसायला तयार आहे. तिचे तोंड किंचितच उघडे कसे ठेवायचे, ते मात्र तुझ्या कलेला जमले तर जमेल. मला आणि परमेश्वराला आजवर जमलेले नाही.

हे पत्र जो कोणी वाचेल, त्याच्या मुखात सत्य राहो, घासाला चव राहो, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी त्याच्या शेजारी सदैव बसलेले असो. आमेन.

तुझाच,
सेवेरीनो मामा